मीठ, मोहर आणि नांगर : चांद्याच्या गोंडराज्यातला बाजार

(कोरपना येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



भाऊबहिणींनो, सकाळपासून आपण सातबारा, फेरफार आणि जबरान जोतीचे पंचनामे यांवर बोलून राहिलो आहोत. आता तासभर मागे जाऊ. थोडेथोडके नाही, तीनशे-चारशे वर्षे मागे. तुम्ही म्हणाल, आमची केस तहसीलदाराकडे पडून आहे आणि तुम्ही आम्हाला राजाराणीच्या गोष्टी कायले सांगता? सांगतो. त्याचे कारण त्या केसमध्येच आहे.

कचेरीत गेलो की एक बोलणे हमखास ऐकायला मिळते. आदिवासी माणूस जंगलात कंदमुळे खाऊन राहत होता, त्याला पैसा माहीत नव्हता, व्यापार माहीत नव्हता, नांगर त्याने काल-परवा धरला. मग जमिनीवर त्याचा जुना हक्क कसा? दुसरीकडे आपल्यातलेच काही जण सभेत सांगतात की आपल्या राज्यात बाजार नव्हता, सावकार नव्हता, कर नव्हता, सारे सुखात होते. बाहेरचे आले आणि बिघडले. पहिले बोलणे आपला हक्क मारते. दुसरे ऐकायला गोड लागते, पण त्यामुळे जमीन नेमकी कशाने गेली ते कळत नाही. रोगच कळला नाही तर औषध कोणते द्यायचे? म्हणून आज बाजाराचा इतिहास.

जंगल गरीब नव्हते

अकबर बादशहाच्या दरबारात अबुल फजल नावाचा लेखक होता. 1590 च्या सुमारास त्याने ऐन-ए-अकबरी या ग्रंथात साऱ्या राज्याची मोजदाद लिहिली. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात आपला मुलूख आहे. चांद्याचा गोंड राजा बाबजी याच्यापाशी एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचे तो नोंदवतो. ज्या वैरागडाजवळ हिऱ्यांची खाण होती ते वैरागड या राजाने नुकतेच घेतले होते, तेही लिहितो. आणि आपल्या या डोंगरातला माणिकगड? त्याच्या नावाचा 'सरकार माणिकदुर्ग' असा एक महसुली विभागच त्या यादीत आहे. म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या दफ्तरात हा डोंगर तेव्हाच नाव लावून बसला होता.

चाळीस हजार हा आकडा दरबारी आहे, त्यात फुगवटा असेल. अर्धा धरा, पाव धरा. तरी दहा हजार माणसे. ही बारमाही पगारी फौज नसणार. बोलावले की धनुष्य, भाला घेऊन येणारा हा शेतकरीच. पण जेवढे दिवस तो मोहिमेवर, तेवढे दिवस त्याला खायला कोणी घातले? गावात धान उरत असेल तेव्हाच ते होते. कंदमुळांवर एवढे पायदळ उभे राहत नाही.

उत्तरेला गढ्याचे गोंड राज्य होते, राणी दुर्गावतीचे. 1564 मध्ये मोगल सरदार आसफखानाशी लढताना राणीने देह ठेवला. त्या मुलखाबद्दल अबुल फजल सांगतो की तिथले शेतकरी सारा मोहरांनी आणि हत्तींनी भरतात. सोन्याची मोहर गोंडवनात खाणीतून निघत नव्हती; ती व्यापारातूनच आली असणार. आणि हत्ती म्हणजे त्या काळचे रणगाडे. फौजेला हत्ती लागत, ते जंगलात मिळत. लाख, मध, मेण, कोशाचे रेशीम, डिंक, चारोळी हा सारा माल रानातूनच बाहेर जाई. चांद्याकडच्या लोहारा, देवलगाव भागात दगड वितळवून लोखंड काढत. चांद्याचे सूत आणि कापड दूरवर नाव कमावून होते. बारीक सूत काढण्यात महार समाजाच्या बायांचा हात धरणारे कोणी नव्हते. तेव्हा आपण व्यापाराबाहेर होतो हे म्हणणे खोटे आहे. आपण व्यापारात होतो. सवाल एवढाच की कोणत्या अटींवर होतो.

जो रान मोडेल त्याची जमीन

आता राजाकडे बघू. चांद्याच्या गोंड राजांच्या परंपरेने चालत आलेल्या गोष्टी इंग्रज अधिकारी मेजर ल्युसी स्मिथ याने लिहून काढल्या. चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाच्या बंदोबस्ताचा त्याचा अहवाल 1869 चा आहे. त्यातली आपल्या कामाची गोष्ट हीर शहा राजाची. जो कोणी जंगल साफ करून जमीन वाहितीला आणील त्याला ती दिली जाई. आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने जेवढी जमीन भिजेल तेवढी मिळे. अशा देणगीच्या जमिनीला 'तुकूम' म्हणत. चांद्याला गेल्यावर तुकूम नावाची वस्ती आजही दिसते. नाव राहिले, अर्थ विसरला.

हा नियम नीट ध्यानात घ्या. हक्क कशातून येतो? मेहनतीतून. रान मोडले, बांधी घातली, बोडी खोदली, पाणी अडवले, म्हणून हक्क. हीच मेहनत आपल्या बापजाद्यांनी 1960 मध्ये केली, 1970 मध्ये केली, त्याचे नाव आज 'अतिक्रमण' आहे. काम तेच, कुऱ्हाड तीच. तेव्हा सनद मिळे, आता नोटीस मिळते.

पण राजाला देव करू नका. राजा रान मोडायला का सांगे? नांगर वाढला की सारा वाढतो. साऱ्यातून किल्ले उभे राहतात, कोट बांधला जातो. चांद्याचा कोट बघा. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा, असे मोठमोठे दरवाजे. कोट शत्रूसाठी होताच, पण दरवाजातून आत शिरणारा प्रत्येक लदलेला बैल मोजताही येतो. दरवाजा म्हणजे नाका. फॉरेस्टचा नाका आज बांबूच्या गाडीला थांबवतो, त्याचा हा आजा समजा.

आणि वरचा राजा खालच्या राजाला पिळतो तेव्हा ते ओझे शेवटी कोणाच्या डोक्यावर येते? 1667 मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर चालून आला. चांद्याच्या गोंड राजाने एक कोट रुपये दंड आणि पुढे दरसाल दोन लाख रुपये खंडणी कबूल केली. हा कोट रुपया राजाच्या घरात झाडाला लागला नव्हता. तो गावागावातून, घराघरातून, कणगीतून यायचा होता. म्हणजे आपले राज्य होते तरी दिल्लीचा हात आपल्या कणगीपर्यंत पोहोचत होता.

मीठ

आता बाजारात या. बाया इथे जास्त बसल्या आहेत, त्यांना हे लवकर कळेल. घरात असे काय आहे जे रानात होत नाही आणि ज्याच्याशिवाय एक दिवस जात नाही? मीठ. धान आपले, मोहफूल आपले, तेल टोळीचे, दोरी आपली, टोपली कोलामांच्या हातची, झोपडी आपली. मीठ मात्र समुद्राचे. आणि समुद्र इथून शेकडो मैल.

ते मीठ कोण आणी? बंजारा. फ्रान्सचा जवाहिऱ्या तावर्निये सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरला. त्याने बंजाऱ्यांचे तांडे पाहिले, एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल. कोणी धान्य वाही, कोणी डाळ, कोणी मीठ. ही वाहतूक स्वस्त का पडे? बैल वाटेत चरत चरत जात, विकतचा चारा लागत नसे. म्हणून तांड्याला चराई मोकळी हवी, पाणी मोकळे हवे. राजे ते देत, कारण फौजेला धान्य पुरवणाराही हाच बंजारा. तांडा, रान आणि राजा यांचे असे साटेलोटे होते.

1795 मध्ये कॅप्टन ब्लंट नावाचा इंग्रज अधिकारी चुनारहून निघून आपल्या मुलखातून समुद्राकडे चालला होता. वैरागडला त्याला व्यापाराचे चांगले ठाणे दिसले. पूर्व किनाऱ्याकडून बंजारे मीठ घेऊन येत आणि इकडचा कापूस लादून परत जात. पुढच्या रानात मात्र गोंडांनी त्याची वाट अडवली. या दोन गोष्टी सोबत ठेवून बघा. मीठ आणणारा बंजारा रानातून जाऊ शकतो. जमीन मोजत, वाट उतरवून घेत येणाऱ्या साहेबाला रान अडवते. आपले पूर्वज अडाणी नव्हते. कोणाला येऊ द्यायचे आणि कोणाला नाही, हे त्यांना कळत होते.

आता तराजू. तुमच्या आजीने सांगितलेले असेल, चारोळीला मीठ भारंभार. पसाभर चारोळी द्या, पसाभर मीठ घ्या. बस्तरापर्यंत हीच रीत होती. चारोळीचे एकेक बी फोडून काढायला बाईचा किती दिवस जातो ते तिलाच ठाऊक. शहरात चारोळी मिठाईत पडते, तिचा भाव काय आणि मिठाचा भाव काय. पण रानातल्या बाईला शहरातला भाव माहीत नाही आणि मिठाशिवाय तिला राहवत नाही. जो माल एकाच्याच हातात आहे आणि ज्याची गरज सगळ्यांना आहे, त्या मालावर राज्य चालते. पुढे इंग्रजाने ही गोष्ट बरोबर ओळखली. 1805 मध्ये मद्रास इलाख्यात त्याने मिठाचा मक्ता सरकारकडे घेतला. समुद्राच्या कडेला एक हुकूम निघाला आणि तिथल्या मिठावर जगणाऱ्या रानातल्या चुलीपर्यंत त्याची झळ आली.

तरीही एक गोष्ट मनात ठेवा. मिठाच्या या सौद्यात बाई लुटली जात होती, पण तिची जमीन जात नव्हती. चारोळी कमी भावाने गेली तर पुढच्या हंगामात झाडाला पुन्हा चारोळी लागे. बंजारा तराजू उचलून पुढच्या गावी जाई. त्याला आपल्या बांधीशी काही देणेघेणे नव्हते. मग जमीन केव्हा जाऊ लागली? त्याचा पत्ता आता लावू.

राजा बनिया होतो

1751 मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्याने चांद्याचे राज्य संपवले. शेवटचा गोंड राजा नीलकंठ शहा कैदेत पडला. भोसल्यांचे राज्य मराठी बोलणारे, आपल्यापैकी पुष्कळांना जवळचे वाटणारे. पण हिशेब करताना भाषा बघायची नाही, हात बघायचा.

भोसल्यांच्या कारभारात गावाचा सारा दरसाल ठरे. पाटील तो कबूल करी. जास्त बोली बोलणारा दुसरा आला तर गाव त्याच्या हाती जाई. याला इजारा म्हणत. इजारदाराला वर रोख हप्ते भरायचे. हप्ता पिकाच्या आधी, पीक नंतर. मधली रक्कम कोण देणार? सावकार. म्हणून पाटलाच्या मागे सावकार, सावकाराच्या मागे नागपूरचा सराफ. त्यात रुपये नाना टाकसाळींचे. सराफ नाणे हातात फिरवून बट्टा कापणार. शेती न करणाऱ्यांवर पांढरी नावाची घरपट्टी, दारूवर कलाली, वाटेवर मालाची जकात. नागपूर दरबारातला इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने 1827 च्या अहवालात ही सारी व्यवस्था लिहून ठेवली आहे.

1803 मध्ये दुसरा रघूजी इंग्रजांशी लढाई हरला. देवगावच्या तहात कटक गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. उत्पन्न घटले, खर्च तसाच. मग राहिलेल्या मुलखावर पिळणूक एवढी वाढली की लोकांनी या राजाला 'बडा बनिया' नाव ठेवले. किती नेमके नाव आहे बघा! लोकांना दिसत होते की गादी आणि दुकान आता एकाच माणसाचे झाले आहे. मागोमाग पेंढाऱ्यांच्या धाडी आल्या, गावे ओस पडली.

पण याही काळात रानातल्या माणसाजवळ एक हत्यार होते. गाव सोडून जाणे. सारा फार झाला, पाटील फार माजला, की बायकापोरे, कोंबड्या, नांगराचा फाळ घेऊन माणूस डोंगर ओलांडून दुसऱ्या जमीनदाराच्या हद्दीत जाई. जमीन मुबलक, माणूस कमी. नांगर हवा म्हणून दुसरा जमीनदार त्याला बसवून घेई. अहेरी, खुटगाव, मुरुमगाव, पोटेगाव, गेवर्धा अशा जमीनदाऱ्या होत्या. त्या वर नाममात्र टाकोळी भरत. भोसल्याची फौज दर हंगामात तिथवर जाऊ शकत नव्हती. जितके रान दाट तितका सरकारचा हात आखूड. जमीनदारही काही संत नव्हते, बेगार तेही घेत. पण फार पिळले तर उद्या गाव रिकामे होईल, ही भीती त्यांना होती. त्या भीतीनेच आपले रक्षण केले.

तीन कुलपे

1854 मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजाने खालसा केले. 1858 मध्ये मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि अडपल्लीचे व्यंकटराव उठले. 21 ऑक्टोबर 1858 रोजी बाबूरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले. त्यानंतर इंग्रजाने जे केले ते तोफेपेक्षा भारी होते. त्याने तीन कुलपे लावली.

पहिले कुलूप, मालकी. 1860 नंतरच्या बंदोबस्तात गावचा सारा गोळा करणाऱ्या पाटलाला, इजारदाराला गावाचा मालक ठरवले. तो मालगुजार. जो काल वसुलीचा कंत्राटदार होता तो एका कागदाने जमिनीचा धनी झाला, आणि ज्याच्या आज्याने रान मोडले तो कूळ झाला. आता जमीन विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली.

दुसरे कुलूप, कोर्ट. आधी कर्ज बुडाले तर सावकार शिव्या देई, दारात धरणे धरी, फार तर बैल नेई. आता त्याच्या हाती डिक्री आली. वाढी-दिढीचा हिशेब फळ्यावर मांडू. आषाढात बियाण्याला 8 कुडव धान आणले. दिढीने पुसात 12 कुडव द्यायचे. पीक बुडाले, राहून गेले. पुढच्या साली 12 चे 18 झाले. तिसऱ्या साली 27. आठ कुडव खाल्ले, सत्तावीस फेडायचे, आणि मधे अंगठा उठवलेला कागद. पूर्वी अशा वेळी माणूस रातोरात गाव सोडी. आता सावकार कोर्टात जातो आणि जमीन लिलावात निघते.

तिसरे कुलूप, जंगल. 1865 चा जंगल कायदा, मग 1878 चा, मग 1927 चा. डोंगर ओलांडून जायची वाटच बंद. पलीकडे रान आहे पण ते राखीव आहे. दहिया बंद, कुऱ्हाड बंद, चराई विकत. गाव सोडून जाणे हे जे आपले हत्यार होते ते या तिसऱ्या कुलपाने काढून घेतले.

ही तीन कुलपे एकाच वेळी बसली म्हणून जमीन गेली. नुसत्या सावकाराने गेली नसती, नुसत्या बाजाराने गेली नसती. तराजू चारशे वर्षांपूर्वीही होता. तराजूच्या मागे पोलीस, कोर्ट आणि रेंजर उभे राहिले तेव्हा जमीन गेली. सरकारलाही हे कळत होते. 1916 मध्ये मध्यप्रांतात आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतर रोखायचा कायदा करावा लागला, तो उगीच नाही.

वर्धेच्या या बाजूला

आतापर्यंत बोललो ते बहुतेक वर्धेच्या त्या बाजूचे. कोरपना, राजुरा, माणिकगडचा डोंगर या बाजूला निजामाचे राज्य होते. तिथे मालगुजार नव्हता, पण कुलपे तीच होती. कागद उर्दूत, पट्टा कचेरीत, आणि कचेरीपर्यंत पोहोचणारा बाहेरून आलेला सधन शेतकरी. आदिलाबाद जिल्ह्यात गोंड-कोलामांची वाहिती जंगल खात्याच्या रेषेत आली. त्यांना उठवले. बंचराई नावाची चराईपट्टी बसली. त्याविरुद्ध कुमराम भीमू उठले आणि 1940 मध्ये जोडेघाटला गोळीबारात मारले गेले. गोळीबारानंतर निजाम सरकारला जाग आली. हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला नेमले, त्याने अहवाल दिले, आणि हजारो गोंड-कोलाम कुटुंबांना पट्टे मिळाले. पट्टे हायमेनडॉर्फच्या लेखणीने मिळाले असे पुस्तकात वाचाल. आम्ही म्हणतो, जोडेघाटच्या रक्ताने लेखणीला शाई दिली.

1956 मध्ये राजुरा तालुका हैदराबादेतून सुटला, आधी नांदेड जिल्ह्यात गेला, मग 1959 मध्ये चांद्यात आला. तीन वर्षांत दोन जिल्हे. या हलवाहलवीत किती कागद हरवले, किती नावे नव्या दप्तरात चढलीच नाहीत, ते आपण आपल्या गावाच्या केसमध्ये बघतोच आहोत.

बंजाऱ्याशी भांडण कोणते

इथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. डोंगरावर आज गोंड-कोलाम आणि बंजारा यांच्यात जमिनीवरून कडूपणा आहे. सभेत तरुण पोरे तावातावाने बोलतात. त्यांचा राग खोटा नाही. पण इतिहास काय सांगतो? रेल्वे आली आणि लमाणी बैलाचा धंदा बुडाला. चराई राखीव झाली, तांड्याची वाट बंद झाली. मिठावर कर आणि मक्ते बसले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा फास अशा भटक्या समाजांभोवती आवळला. ज्या कुलपांनी आपल्याला बांधले त्यांनीच त्यालाही बांधले, आणि मग तो पोट भरायला जमीन शोधत फिरू लागला. दुष्काळाने मराठवाड्यातून इकडे ढकलला.

म्हणून आपली भूमिका साफ हवी. आदिवासीची जमीन आदिवासीलाच परत, हे कायद्याचे म्हणणे आहे, त्यात तडजोड नाही. मग घेणारा बंजारा असो, कोमटी असो, मोठा पाटील असो. पण भांडण जमिनीच्या कागदाचे आहे, जातीचे नाही. मीठ आणणाऱ्याच्या पोराला शिव्या देऊन सातबारा बदलत नाही. उलट दोन गरीब भांडत बसले की तिसरा मोजणी करून जातो.

तो तिसरा कोण, ते आपल्या शिवारात दिसते आहे. काळ्या जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. त्याला आता भाव आला. पूर्वी वैरागडच्या हिऱ्यासाठी राजे लढले, आज दगडासाठी कंपन्या येतात. एकरकमी पैसा हातात ठेवतात. लक्षात ठेवा, चारोळीचे झाड दरसाल फळते, विकलेली जमीन एकदाच पैसा देते.

मग करायचे काय

इतिहास ऐकून टाळ्या वाजवून घरी जायचे नाही. चार कामे सांगतो.

पहिले. 1974 चा जमिनी परत देण्याचा कायदा. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे गेली असेल तर ती या कायद्यात येते. त्यानंतरचे व्यवहार कलेक्टरच्या परवानगीशिवाय झाले असतील तर तेही टिकत नाहीत. प्रत्येक गावाने आपली यादी करायची : कोणाची जमीन, कोणत्या साली, किती पैशांत, कागद कोणता. 'आमच्या बुढ्याची होती' एवढ्याने तहसीलदार ऐकत नाही.

दुसरे. निजामाच्या काळचे कागद शोधा. पहाणी, पट्टा, साऱ्याची पावती. पेटीच्या तळाशी, देवघरात, कौलाखाली असतात. उर्दू आहे म्हणून टाकू नका. त्यावरचा सन फसली असतो. त्यात 590 मिळवा की इंग्रजी सन निघतो. 1350 फसली म्हणजे 1940 च्या सुमारास. उर्दू वाचणारा जुना माणूस राजुऱ्याला, आसिफाबादला सापडतो. एक पावती तीन पंचनाम्यांना भारी पडते.

तिसरे. जबरान जोतीसाठी पूर्वी 31 मार्च 1978 ची रेघ होती. जुनी वहिवाट दाखवायला आपल्याकडे काय आहे? दंडाच्या पावत्या. फॉरेस्टने आपल्याला दंड केला ती पावतीच आपण तिथे होतो याची साक्ष. दंड भरला म्हणून लाजू नका, पावती जपा. सोबत बांध्या, बोड्या, आंब्या-मोहाची जुनी झाडे, गावदेवाचे ठाणे, जुने मसण यांचा नकाशा काढा.

चौथे काम बायांचे. मोहफूल, चारोळी, डिंक घेणारा व्यापारी कोणत्या मापाने घेतो, ते बाजारात उभे राहून लिहायचे. माप आपले ठेवायचे. दोन-चार गावांच्या बायांनी मिळून माल एकत्र आणला तर भाव बोलता येतो. एकटी बाई मिठाला अडते, वीस बाया अडत नाहीत. आणि वाढी-दिढीने धान आणायची वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक गावात धान्यकोठी. सुगीला घरटी दोन कुडव टाकायचे, आषाढात लागेल त्याने न्यायचे, परत करताना थोडे वर. सत्तावीस कुडवांच्या हिशेबाला हा आपला जवाब.

शेवटी एवढेच. आपण बाजाराबाहेर कधी नव्हतो आणि पुढेही राहणार नाही. मीठ लागेल, कापड लागेल, पोराला वही लागेल. पण तराजू आपल्यासमोर, माप आपल्या हाती आणि पायाखालची जमीन आपल्या नावावर, एवढे झाले की बाजाराला भ्यायचे कारण नाही. गावोगावच्या याद्या आणि कागद पुढच्या बाजाराच्या दिवशी घेऊन या. झाडाखाली बसून एकेक उघडून वाचू.

जोहार.